८२ विजयांची टीम खरं तर ९३ ची होती: पाद्रेसच्या सीझनचा हिशोब

आजचा एपिसोड बेसबॉलवर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. नियम माहीत नसले तरी चालेल, गुणाकार-भागाकार आला की पुरे.

टीम आहे अमेरिकेतली सॅन डिएगो पाद्रेस. २०२३ साली खेळाडूंच्या पगारावर त्यांनी सुमारे २५ कोटी डॉलर ओतले होते. हुआन सोतो, मॅनी मचाडो असे स्टार होते. आणि निकाल? १६२ मॅचमध्ये ८२ विजय, ८० पराभव. त्यांच्या लीगमधून प्लेऑफला गेलेल्या शेवटच्या दोन टीम्सचे विजय होते ८४. म्हणजे गाडी अगदी थोडक्यात चुकली. सगळे म्हणाले, पैसा पाण्यात गेला.

पण आपण फक्त विजयांचा आकडा न बघता रन्स बघू. पाद्रेसने केले ७५२, दिले ६४८. म्हणजे १०४ रन्स जास्तीचे! मग विजय इतके कमी कसे?

इथे बिल जेम्स या आकडेतज्ज्ञाचा फॉर्म्युला कामी येतो. केलेल्या रन्सचा वर्ग घ्या. त्याला केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांच्या बेरजेने भागा. उत्तर येतं ०.५७४. त्याला १६२ ने गुणा: ९३ विजय. मिळाले ८२. मधले ११ विजय गेले कुठे?

अटीतटीच्या मॅचमध्ये. एका रनने निकाल लागलेल्या मॅचमध्ये पाद्रेस ९ जिंकले, २३ हरले. बरोबरीनंतर जादा डाव खेळावे लागले तिथे २ जिंकले, १२ हरले. आता एका रनचा फरक म्हणजे एखादा चेंडू हातभर इकडे की तिकडे पडला, एवढाच. असं दुर्दैव (किंवा नशीब) वर्षानुवर्षं सहसा टिकत नाही.

उलटं उदाहरण त्याच वर्षीचं आहे. मायामी मार्लिन्सने ८४ विजय मिळवून प्लेऑफ गाठला, पण त्यांनी केले ६६६ आणि दिले ७२३. एका रनच्या मॅचमध्ये ३३ विजय, १४ पराभव! पुढच्या वर्षी काय झालं? ६२ विजय, १०० पराभव.

आणि पाद्रेस? सोतोला त्यांनी न्यूयॉर्क यांकीजला देऊन टाकलं. ब्लेक स्नेल आणि जॉश हेडर हे मोठे बॉलर... सॉरी, पिचर, तेही गेले. तरी २०२४ मध्ये विजय किती? बरोब्बर ९३.

आता हे भविष्य सांगणारं यंत्र आहे असं समजू नका. आकडा तंतोतंत जुळणं हा योगायोग. जॅक्सन मेरिलसारखा नवा पोरगा चमकेल, डिलन सीझ टीममध्ये येईल, हे फॉर्म्युल्याला कुठून कळणार? शिवाय छोट्या सिरीजमध्ये तो काही कामाचा नाही. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये डॉजर्सविरुद्ध २-१ ने पुढे असलेले पाद्रेस शेवटच्या दोन मॅचमध्ये एकही रन न करता बाहेर पडले.

मुद्दा एवढाच: टीम किती जिंकली हे झालं मागच्या वर्षाचं उत्तर. पुढच्या वर्षाचा अंदाज हवा असेल तर कशी जिंकली आणि कितीने हरली, ते बघा. आयपीएलच्या टेबलमध्ये नेट रन रेटचा कॉलम असतो ना? त्याचं गणित वेगळं, पण विचार तोच. तुमची टीम खाली असेल तर आधी तो कॉलम बघा, मग कॅप्टनला शिव्या घाला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!