विश्लेषण : इंजिनात ‘मोठा कॅम’ टाकायचाय? आधी हे गणित मांडा

जुनी जिप्सी किंवा एस्टीम हौसेने सांभाळणाऱ्यांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे कॅम. एअर फिल्टर झाला, एक्झॉस्ट झाला, आता ‘मोठा कॅम’ टाकला की गाडी पळेल, असा सल्ला सहज मिळतो. या एका भागाने गाडीचा स्वभाव बदलतो हे खरे आहे. मात्र बाकीचे इंजिन कंपनीतून आले तसेच असेल आणि कॅमची निवड चुकली, तर गाडी शहरात आधीपेक्षा मंद होते, पीयूसीत अडकते आणि प्रसंगी ब्रेकही जड होतात. म्हणून कॅम घेताना कोणते आकडे पाहायचे, सोबत काय तपासायचे आणि कायदा काय सांगतो, हे समजून घेऊ.

कॅमशाफ्ट नेमका काय करतो?

इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारे आणि जळालेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ते कधी, किती आणि किती वेळ उघडायचे हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. या उंचवट्यांना लोब म्हणतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणजे इंजिन ६,००० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. इतक्या कमी वेळात सिलिंडर पुरेसा भरत नाही, म्हणून वरच्या आरपीएमला मूळ कॅम कमी पडतो. मोठा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवून ही कमतरता भरून काढतो.

कोणते आकडे पाहायचे?

तीन आकडे महत्त्वाचे. पहिला लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उचलला जातो. दुसरा ड्युरेशन, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत तो उघडा राहतो. तिसरा इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला कोन, ज्याला लोब सेपरेशन म्हणतात.

ड्युरेशन कुठून मोजले, हे विचारायलाच हवे. काही उत्पादक व्हॉल्व्ह किंचित हलला की मोजायला सुरुवात करतात, काही १ मिमीपासून, तर अमेरिकी उत्पादक बहुधा १.२७ मिमीपासून मोजतात. त्यामुळे एकाच कॅमचे दोन आकडे निघतात आणि दोन कॅटलॉगमधील आकड्यांची थेट तुलना फसवी ठरते.

ओव्हरलॅपची भानगड काय?

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटण्याआधीच इनटेक व्हॉल्व्ह उघडतो. दोन्ही एकाच वेळी उघडे असण्याचा काळ म्हणजे ओव्हरलॅप. त्याचे गणित सोपे आहे : दोन्ही ड्युरेशनची बेरीज करून तिला चारने भागा, त्यातून लोब सेपरेशन वजा करा आणि उत्तराची दुप्पट करा.

ड्युरेशन २४० आणि सेपरेशन ११२ अंश असेल, तर ओव्हरलॅप १६ अंश येतो. २६४ आणि ११० असेल तर तो ४४ होतो. २८४ आणि १०८ घेतले तर थेट ६८. वरच्या आरपीएमला हा ओव्हरलॅप फायद्याचा असतो, कारण बाहेर पडणारा वायू आपल्या वेगाने ताजी हवा आत ओढतो. आयडलिंगला मात्र उलटे होते. जळालेला वायू इनटेकमध्ये शिरतो, काही पेट्रोल न जळताच बाहेर जाते आणि गाडी एका जागी उभी असताना थरथरते. अनेकांना आवडणारा तो ‘गुडगुड’ आवाज म्हणजे खरे तर अर्धवट जळण्याचा आवाज असतो.

ताकद वाढते की नुसती सरकते?

जिप्सी किंगचे २००० सालापासूनचे एमपीएफआय इंजिन उदाहरणादाखल घेऊ. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एकच ओव्हरहेड कॅम. कंपनीच्या आकड्यांनुसार ४,५०० आरपीएमला सुमारे १०३ न्यूटन मीटर टॉर्क आणि ६,००० आरपीएमला ८० हॉर्सपॉवर. टॉर्कला आरपीएमने गुणून ७,१२१ ने भागले की हॉर्सपॉवर मिळते. त्या हिशेबाने ६,००० ला टॉर्क उरतो सुमारे ९५.

आता समजा, नव्या कॅममुळे हाच ९५ टॉर्क ६,५०० पर्यंत टिकला. ताकद होईल साधारण ८७ हॉर्सपॉवर. म्हणजे सात हॉर्सपॉवरची वाढ. कागदावर ही वाढ छान दिसते, पण ती मिळते ६,५०० आरपीएमला. रोजच्या वाहतुकीत गाडी बहुतेक वेळ १,५०० ते ३,००० दरम्यान चालते. मोठ्या कॅमचा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, त्यामुळे कमी आरपीएमला पिस्टन वर येताना थोडे मिश्रण परत बाहेर ढकलले जाते. प्रत्यक्ष दाब घटतो आणि पिकअप जातो. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ओढताना हीच घट जाणवते.

मग मूळ इंजिनाला कोणता कॅम झेपतो?

कॉम्प्रेशन, हेड आणि ईसीयू मूळच असेल, तर मूळ कॅमच्या एकच पायरी वरचा, ‘फास्ट रोड’ प्रकारातला सौम्य कॅम निवडावा. निवडताना लिफ्ट थोडी वाढू द्यावी, ड्युरेशन मोजकेच वाढवावे आणि लोब सेपरेशन रुंद ठेवावे. २८० अंशांच्या वरचे कॅम हे वाढीव कॉम्प्रेशन, पोर्टिंग केलेले हेड, जवळजवळचे गिअर आणि नव्याने ट्यून केलेला ईसीयू असलेल्या इंजिनासाठी असतात. एवढे सगळे करायचे नसेल, तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

एकच ओव्हरहेड कॅम असलेल्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टचे लोब एकाच दांड्यावर असतात. त्यामुळे लोब सेपरेशन घडवतानाच कायमचे ठरते. जोड-कॅम इंजिनात ॲडजस्टेबल पुली लावून ते नंतर थोडे बदलता येते. टर्बो इंजिनाचे नियम वेगळे आहेत. तिथे टर्बिनच्या आधी साचलेला दाब जास्त असू शकतो आणि मोठा ओव्हरलॅप उलट नुकसान करतो. व्हीव्हीटी असलेल्या गाडीत तर ईसीयू कॅम स्वतःच पुढे-मागे सरकवत असतो. तिथे फक्त त्याच इंजिनासाठी बनवलेला कॅम चालतो.

कॅमसोबत काय तपासावे लागते?

स्प्रिंग : लिफ्ट वाढली की व्हॉल्व्ह स्प्रिंग जास्त दाबली जाते. तिचे वेढे एकमेकांना टेकले तर कॅम, रॉकर किंवा व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी तुटते. स्प्रिंग कमजोर असेल तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह लोबच्या मागे राहतो. याला व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात.

पिस्टनपासूनचे अंतर : व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहिला तर वर येणारा पिस्टन त्याला धडकू शकतो. इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी अंतर ठेवण्याचा संकेत आहे. पिस्टनवर मऊ मेण किंवा प्लॅस्टिसिन ठेवून, इंजिन हाताने फिरवून, उमटलेल्या ठशाची जाडी मोजली जाते. ‘बसतो हो’ या शब्दावर हे सोडू नये.

टायमिंग : पुलीवरच्या खुणा जुळल्या म्हणजे काम झाले असे नसते. अंशांची चकती लावून कॅम कार्डवरच्या आकड्यांशी पडताळणी करावी लागते.

ईसीयू : अनेक गाड्यांत इनटेकमधील निर्वात दाब मोजून पेट्रोल किती द्यायचे ते ठरते. ओव्हरलॅप वाढला की हा निर्वात दाब घटतो, ईसीयूला भार वाढल्यासारखे वाटते आणि पेट्रोल जास्त पडते. त्यामुळे डायनोवर ट्यूनिंग लागतेच. त्याचा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा.

ब्रेकचा काय संबंध?

पेट्रोल गाडीचा ब्रेक बूस्टर बहुधा इनटेकमधील याच निर्वात दाबावर चालतो. तो घटला की पेडल कडक लागते. विशेषतः सिग्नलजवळ हळू चालताना लागोपाठ ब्रेक दाबावे लागले तर फरक लक्षात येतो. कॅम बदलल्यावर आयडलिंगला निर्वात दाब गेजवर मोजणे हा म्हणूनच सुरक्षेचा भाग आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ अन्वये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

‘कॅम बाहेरून दिसत नाही’ हा युक्तिवाद फारसा उपयोगाचा नाही. पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थांमध्ये मॉडेलला मान्यता मिळते ती मूळ कॅमसह झालेल्या चाचण्यांवर. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणीही आयडलिंगला होते, म्हणजे नेमकी तिथेच जिथे मोठा कॅम सर्वांत वाईट वागतो. वॉरंटी जाते आणि न कळवलेल्या बदलावर विमा दाव्यात अडचण येऊ शकते, ते वेगळेच. फक्त ट्रॅकवर किंवा रॅलीत धावणाऱ्या गाडीसाठी स्पर्धेचे नियम लागू होतात. कोणत्या गटात कोणता कॅम चालतो, हे नियमपुस्तिकेत आधी पाहावे.

पैसे देण्याआधी काय विचारावे?

विक्रेत्याकडून कॅम कार्ड मागावे. ड्युरेशन कोणत्या उचलीपासून मोजले, कोणती स्प्रिंग लागेल, ताकद कोणत्या आरपीएमपासून कोणत्या आरपीएमपर्यंत मिळेल, हे त्यावर लिहिलेले असायला हवे. कॅम नवा आहे की जुन्यावरच ग्राइंडिंग केले आहे, हेही विचारावे. ग्राइंडिंगमध्ये लोबचा गोल भाग लहान होतो आणि टॅपेटचे अंतर नव्याने जुळवावे लागते. या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नसतील तर थांबावे आणि तेवढ्या पैशांत आधी इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासून, टायमिंग बेल्ट आणि टॅपेट नीट करून घ्यावेत. जुन्या इंजिनाची हरवलेली ताकद अनेकदा तिथेच सापडते.