तबकडीतला खर्ज

विरारपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात जुन्या तबकड्या विकणारं दुकान मला आजवर भेटलेलं नाही. ज्याला हा नाद लागतो तो सुट्टीच्या सकाळी बोईसरला किंवा पालघरला लोकल पकडतो, ग्रँट रोडला उतरतो आणि चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जातो. तिथे हिंदी सिनेमाच्या एलपी मिळतात, नाट्यगीतं मिळतात, क्वचित एखादी अप्रतिम ख्यालाची तबकडीही हाती लागते. पण जो नव्वदच्या दशकातल्या लंडनचं ‘ड्रम अँड बेस’ शोधतो आहे, त्याला त्या ढिगात फारसं काही गवसत नाही. हे संगीत आकाराला येत होतं तेव्हा आपल्याकडे कॅसेटने तबकडीला घराबाहेर काढलं होतं. इथे असलेली प्रत बहुधा कुणीतरी परदेशातून सामानात आणलेली किंवा टपालाने मागवलेली असते.

तरीही या भागातल्या कानांना हे संगीत परकं वाटू नये असं माझं मत आहे. तारप्याचा अखंड घुमारा, त्याभोवती रात्रभर फिरणारं वारली नाचाचं वर्तुळ, लग्नाच्या वरातीतली बेंजो पार्टी: शब्दांआधी ठेका आणि घुमारा ऐकायची सवय इथे जुनी आहे. ड्रम अँड बेसमध्येही गायक असला तर असतो, नसला तर अडत नाही. ड्रम मिनिटाला साधारण १६० ते १८० ठोक्यांच्या वेगाने धावतात आणि खालचा बास पुष्कळदा निम्म्या चालीने जातो. तबला शिकलेल्याला एका वाक्यात सांगता येतं: खाली ठाय, वर दुगुन, आणि दोन्ही एकाच वेळी. नाचणाऱ्याने हवी ती लय धरावी.

ते धावणारे ड्रम आले कुठून, याची गोष्ट एका तबकडीच्या मागच्या बाजूवर आहे. तारापूरची अणुभट्टी सुरू झाली त्याच वर्षी, १९६९ मध्ये, अमेरिकेत ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाची एक सात इंची तबकडी निघाली. पुढच्या बाजूवरचं ‘कलर हिम फादर’ गाजलं, त्याला ग्रॅमी मिळालं. मागच्या बाजूला भरतीचं म्हणून ‘आमेन, ब्रदर’ होतं. त्याच्या मध्यावर बाकीची वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक एकटाच चार आवर्तनं वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. १९८६ च्या सुमारास हा तुकडा डीजेंसाठी काढलेल्या एका संकलनात आला, आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या सॅम्पलर यंत्रांत शिरला, आणि नव्वदच्या सुरुवातीला लंडनच्या पोरांनी त्याचा वेग वाढवून, ठोका ठोका सुटा करून, तो नव्याने जोडायला घेतला. यातून ‘जंगल’ निघालं आणि त्यातून ड्रम अँड बेस. हजारो गाण्यांना ज्याचा ठेका पुरला त्या कोलमनला त्याचं मानधन कधीच मिळालं नाही. तो २००६ मध्ये हलाखीत गेला. २०१५ मध्ये रसिकांनी वर्गणी काढून वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४,००० पौंड दिले, पण कोलमनसाठी तोवर फार उशीर झाला होता. हा तुकडा ज्या तबकडीवर ऐकू येतो ती हातात घेताना हे नाव माहीत असायलाच हवं.

आता, फोनवर सगळं फुकट ऐकता येत असताना तबकडी कशासाठी? याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ४०-५० हर्ट्झचा खर्ज बाहेरच पडत नाही, म्हणजे या संगीताचा अर्धा भाग तिथे गायब असतो. तबकडीवर खर्ज कोरायचा तर सुईला आडवं, रुंद हलावं लागतं आणि खोबण जास्त जागा खाते. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर तो परत वाढवतो. हा हिशेब १९५४ पासून जगभर ठरलेला आहे. एलपीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं बसवायची तर खोबणी दाटीवाटीने कोराव्या लागतात. ड्रम अँड बेसच्या बारा इंची तबकडीवर मात्र एका बाजूला बहुतेक वेळा एकच गाणं असतं, पाच ते सात मिनिटांचं, आणि पुष्कळदा ३३ ऐवजी ४५ च्या वेगाने फिरणारं. खोबणींना ऐसपैस जागा मिळते, आवाज मोठ्या पातळीवर कोरता येतो. खर्ज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये न विभागता मधोमध ठेवतात, नाहीतर सुई वर-खाली उडून खोबणीबाहेर पडायची. उजेडात तिरकी धरली तर अशा तबकडीवरचे खर्जाचे पट्टे डोळ्यांना दिसतात.

या तबकड्या दिवाणखान्यासाठी बनल्याच नव्हत्या. त्या डीजेची हत्यारं होती. लंडनमध्ये जमैकन वस्तीने साउंड सिस्टिमची, म्हणजे मोठे स्पीकर रचून तबकड्या वाजवण्याची, परंपरा आणली होती आणि तिच्यासोबत ‘डबप्लेट’ची. नवं गाणं अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवरच्या मऊ लॅकरच्या थरावर एकच प्रत म्हणून कोरून घ्यायचं आणि त्याच रात्री क्लबात वाजवायचं. काही डझन वेळा वाजली की ती झिजून जाते. लंडनचं ‘म्युझिक हाउस’ हे त्यासाठी डीजेंचं ठरलेलं ठिकाण होतं. लोकांना आवडलं तरच गाणं पुढे छापलं जाई, आधी कोऱ्या पांढऱ्या लेबलवर, मग नावानिशी. रॉब प्लेफर्डचं ‘मूव्हिंग शॅडो’, एलटीजे ब्यूकेमचं ‘गुड लुकिंग’, गोल्डीने केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोघींसह १९९४ मध्ये काढलेलं ‘मेटलहेड्झ’ ही संग्राहकांची आवडती लेबलं. १९९५ चा गोल्डीचा ‘टाइमलेस’ आणि १९९७ चं ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक मिळवणारा रोनी साइझ-रेप्रझेंटचा ‘न्यू फॉर्म्स’ हे अल्बम आहेतच, पण नवख्याने सुरुवात बारा इंची सिंगलपासून करावी. या संगीताचा खरा देह तोच आहे.

अस्सल प्रत ओळखायची ती लेबलवरून नव्हे. शेवटच्या खोबणीनंतर मधल्या गुळगुळीत भागात काही अक्षरं-आकडे कोरलेले असतात. तो त्या कोरणीचा क्रमांक. पुढची छपाई नव्याने कोरली असेल तर तो बदलतो. डिस्कॉग्ज या महाजालावरच्या सूचीशी तो ताडून पाहता येतो. २००० मध्ये सुरू झालेली ही सूची मुळात फक्त इलेक्ट्रॉनिक संगीतासाठीच होती. तबकडीवर पांढरट झिजेचे पट्टे असतील, तर ती क्लबात खूप वाजली आहे. अशी प्रत स्वस्त मिळते आणि ऐकायला बहुधा चालते. न वाजवलेली प्रत कपाटात बंद ठेवण्यासाठी भरमसाट पैसे मोजणं मला पटत नाही.

आणि आपला या सगळ्याशी संबंध काय? बराच आहे. लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधल्या ‘ब्लू नोट’ क्लबात रविवारची रात्र मेटलहेड्झची असे आणि सोमवारची ‘अनोखा’ची, म्हणजे तबलावादक तल्विन सिंगची. तिथल्या संगीताचं ‘अनोखा’ हे संकलन १९९७ मध्ये आलं, आणि १९९९ चं मर्क्युरी पारितोषिक त्याच्या ‘ओके’ या अल्बमला मिळालं. तबल्याचे बोल आणि जंगलचे ड्रम त्या तबकड्यांवर एका पंगतीला बसलेले ऐकू येतात.

त्याहून मोठी गोष्ट मुंबईत घडली. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. एचएमव्हीने तबकडी काढली, ती खपली नाही, विसरली गेली. टीबी-३०३ च्या याच आवाजावर शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नृत्यसंगीत उभं राहिलं ते १९८७ मध्ये. एदो बोमान या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीच्या दुकानात तिची एक प्रत मिळाली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली, आणि सत्तरीतल्या चरणजित सिंगांना परदेशी मंचांवर बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. ती प्रत कुणी जपली नसती तर हा इतिहास आपल्याला कळला नसता.

जपण्याबाबत किनाऱ्यावरच्या माणसाने अधिक दक्ष असावं. पावसाच्या चार महिन्यांत दमट हवेने कागदी पाकिटांना बुरशी येते आणि ती तबकडीवर उतरते. आतलं पाकीट कागदाऐवजी पॉलिथिनचं घालावं. तबकड्या एकावर एक रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, तळमजल्यावर जमिनीपासून वर. मे महिन्यात उन्हातल्या गाडीत विसरलेली तबकडी वाकडी होते. धुण्यासाठी नळाचं क्षारयुक्त पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर घ्यावं. आणि ७८ च्या वेगाच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट कधीही लावू नये. लाख विरघळते.

२०२४ मध्ये नवी मुंबईत ‘समन्वी’ या कंपनीने तबकड्या छापायला सुरुवात केली आहे, म्हणजे नवी तबकडी आता जवळच बनते. जुनी मात्र कुठेही नव्याने बनणार नाही. तारापूरच्या अणुऊर्जा वसाहतीत आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत देशभरातून माणसं आली. वसईच्या घराघरांतून माणसं परदेशी नोकरीला गेली आणि परतली. या घरांच्या माळ्यांवर काय काय पडून असेल याची मोजदाद कुणी केलेली नाही. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत तबकड्यांचा खोका निघाला तर तो भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी एकेका तबकडीचा मधला क्रमांक वाचा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. ७८ च्या तबकड्या निघाल्या तर १९९० पासून मुंबईत काम करणाऱ्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या जाणकारांना दाखवा. पांढऱ्या कोऱ्या लेबलची बारा इंची तबकडी निघाली तर ती कुणालाही देण्याआधी एकदा तरी मोठ्या स्पीकरवर लावून ऐका.