उसाचें खत आणि विहिरीचें पाणी

कऱ्हाडास कोयनेला पोटांत घेऊन कृष्णा सांगलीकडे निघते, तेव्हां तिच्या दोन्ही तीरांवर उसाचे मळे लागतात. त्या मळ्यांतील खताचा आपल्या घरच्या घागरीशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे तो असा. युरियांत शेंकडा 46 भाग नत्र असतें. जमिनींत त्याचें नायट्रेट बनतें आणि तें मातीस चिकटून न राहतां पाण्याबरोबर वाहतें. कोवळ्या उसाची भूक थोडी. त्याला एकदम सारें खत घालून वर पाट सोडला, तर उरलेला अंश मुळांखालीं उतरून विहिरीस मिळतो. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें 45 मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असूं नये. तें तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी करतें. पाणी उकळल्यानें तें जात नाहीं, उलट दाट होतें.

म्हणून उपाय शेतांतच हवा. मातीची परीक्षा करून नत्र चार हप्त्यांनीं द्यावें: लागणीस शेंकडा 10, सहा ते आठ आठवड्यांनीं 40, पुढें 10 आणि मोठ्या बांधणीस 40. पाणीही ठिबकानें, मोजून द्यावें. यांत शेतकऱ्याचा पैसा वांचतो आणि गांवची विहीरही निर्मळ राहते.