मालेगावच्या मेजावरची रेल्वे

मालेगावला रेल्वेस्थानक नाही. गाडी पाहायची तर मनमाड गाठावे लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर मार्ग या शहरातून जाणार आहे. तो प्रत्यक्षात येईपर्यंत येथील छंदिष्टाला आपली गाडी घरच्या मेजावर तरी धावती करता येईल.

मात्र जुळणीचे बहुतेक संच युरोपीय गाड्यांचे असतात. सर्वाधिक प्रचलित 'एचओ' प्रमाण १:८७ असून त्याच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ८७ने गुणल्यास ते युरोपातील १४३५ मिलिमीटर भरते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्यासाठी रुळांत सुमारे १९.३ मिलिमीटर अंतर हवे. बहुतेक जण रूळ तयार घेतात आणि हा फरक सोडून देतात.

डब्याबाबत मात्र तडजोड डोळ्यांत भरते. आयसीएफ डब्याचा सांगाडा २१.३ मीटर लांब, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे २४५ मिलिमीटर. संच आखूड असल्यास दोन सांगाडे कापून जोडावे लागतात. भाग प्रथम गोंदाविना जुळवून पाहावेत, कडा कानशीने घासाव्यात, मगच चिकटवावेत. खिडक्यांना बारीक तारेचे आडवे गज बसवले, निळा रंग दिला की परका डबा आपला वाटू लागतो. लांब डब्यांसाठी वळणे मात्र मोठी ठेवावीत.

हा छंद कुठवर नेता येतो, हे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये खुल्या केलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात दिसते. मालेगावचे स्थानक मात्र आधी मेजावरच उभे राहील!