गेल्या महिन्याचा भाजीखर्च

घरखर्चाच्या पाहणीत ‘गेल्या ३० दिवसांत भाजीवर किती खर्च झाला?’ असे विचारले की उत्तर देणाऱ्या बाईला चार आठवडी बाजार, दारावरची हातगाडी आणि मध्येच आणलेली कोथिंबिरीची जुडी यांची मनात बेरीज करावी लागते. ती अंदाजाने आकडा सांगते. बरेच काही गळते. ७ दिवसांपुरते विचारले तर आठवण ताजी असते, पण त्याआधीची खरेदीही नकळत त्यात येऊन बसते. साड्या, चपला, शाळेची फी यांसाठी आठवडा निरुपयोगीच. तिथे वर्षाचे विचारावे लागते.

१९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने या मुदतींवर बरेच प्रयोग केले. १९९० च्या दशकात काही कुटुंबांना एक मुदत, इतरांना दुसरी अशी विभागणी करून पाहिली, तेव्हा लहान मुदतीत अन्नखर्च जास्त निघाला. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत मात्र अन्नासाठी दोन्ही मुदती एकाच कुटुंबाला, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारल्या गेल्या. एक आकडा सांगितला की दुसरा त्याच्याशी जुळवून घेतला जाणार, हे उघड होते. खर्चाच्या याच आकड्यांवरून दारिद्र्य मोजले जाते, आणि १९९३-९४ मध्ये सुमारे ३६ टक्के असलेले दारिद्र्य २६ टक्क्यांवर आल्याचे दिसले. त्यातली खरी घट किती आणि प्रश्नांमुळे आलेली किती, यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला. गरिबांची संख्या रकान्यांच्या मांडणीने हलू शकते, ही फार गंभीर गोष्ट आहे.

कामाबद्दलचा प्रश्न तितकाच नाजूक. ‘तुम्ही काम करता का?’ याला घरच्या शेतात खुरपून आलेली बाईसुद्धा ‘नाही, घरीच असते’ म्हणते. म्हणून ‘घरकाम’ अशी नोंद झालेल्या स्त्रियांना सरपण, कोंबड्या, शिवण यांविषयी वेगळे विचारतात. असे नेमके विचारले नाही तर त्यांचे श्रम आकडेवारीतून पुसले जातात.

वय विचारले की उत्तरे पन्नास, पंचावन्न, साठ अशा आकड्यांवर थबकतात. महाराष्ट्रात ‘१९७२ च्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता?’ असे विचारल्यास उत्तर वास्तवाच्या जवळ येते. ‘रस्ता आणि पाणी चांगले आहे का?’ यात दोन प्रश्न आहेत. ते वेगळेच लिहावेत.

छपाईपूर्वी प्रश्नावली थोड्या घरांत वाचून पाहतात. प्रगणकाला जिथे ‘म्हणजे असं बघा’ म्हणत स्वतःच्या शब्दांत समजावावे लागते, तो प्रश्न नव्याने लिहून पुन्हा वेगळ्या घरांत तपासावा लागतो.