संपात पहिली झळ सीएचबीवाल्यांना

आंबागडच्या पोरांना पदवीसाठी तुमसर गाठावं लागतं. वर्गात शिकवणारे सगळेच त्यांच्यासाठी ‘सर’ किंवा ‘मॅडम’. कोण कायम आणि कोण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, हे पोरांना माहीत नसतं आणि गावाला तर त्याहून नसतं. प्राध्यापकांच्या संपाची बातमी आली की पारावर जे बोललं जातं, त्यातलं बरंच म्हणूनच चुकतं.

‘लाखभर पगार घेतात, तरी संप करतात.’ हे कायम प्राध्यापकांबद्दल बोलता येईल. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच 57,700 रुपये आहे, भत्ते वेगळे. सीएचबीवाल्याचा हिशेब निराळा. पदवीच्या एका तासिकेला 2023 पासून 900 रुपये, आणि आठवड्याला जास्तीत जास्त 9 तासिका. चार आठवडे एकही तास न चुकता भरले, तर 32,400 रुपये. दिवाळीच्या सुटीत शून्य, परीक्षेच्या काळात शून्य, उन्हाळ्यात शून्य. पात्रता मात्र तीच लागते: नेट, सेट किंवा पीएच.डी. नेमणूक एका सत्राची किंवा एका शैक्षणिक वर्षाची, आणि मानधन हातात पडायला कित्येकदा महिने जातात. जुलैत रोवणीच्या दिवसांत नेमणुकीच्या पत्राची वाट पाहत स्वतःच्या बांधीत उतरलेला पीएच.डी.धारक आपल्याकडे नवलाचा राहिलेला नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि ते लपवावंसं वाटत नाही.

‘संप मिटला की सगळ्यांना पगार मिळतोच.’ इथं सगळ्यात मोठी गफलत आहे. 2013 मध्ये प्राध्यापक संघटनांच्या महासंघाच्या, म्हणजे एमफुक्टोच्या हाकेवर राज्यातल्या प्राध्यापकांनी फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. त्यातल्या 71 दिवसांचा पगार रोखला गेला. तो द्यावा, ही मागणी 25 सप्टेंबर 2018 ला सुरू झालेल्या बेमुदत संपातही होती. पाच वर्षांनंतरही ते भांडू शकले, कारण त्यांची नोकरी, सेवापुस्तिका आणि संघटना जागेवर होती. तासिकेवरच्या माणसाचा न झालेला तास कुठल्याच वहीत ‘थकबाकी’ म्हणून चढत नाही. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींच्या तुमसर तालुक्यात हे वेगळं समजावून सांगायला नको. हजेरी नाही, तर दाम नाही.

‘सीएचबीवाला संपाच्या दिवशी वर्गावर गेला, म्हणजे तो फितूर.’ हा ठपका फार घाईनं लावला जातो. पुढच्या जूनमध्ये त्याच खुर्च्यांपुढे पुन्हा मुलाखत द्यायची असते. नेमणूक झाली नाही, तर कारण विचारायलाही जागा नसते. त्याला बडतर्फी म्हणत नाहीत, मुदत संपली म्हणतात. कायद्याचा आधारही तोकडा आहे. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1988 मध्ये ठरवलं की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक ‘कामगार’ बसत नाही. त्यामुळं कामगार न्यायालयाचा रस्ता शिक्षकाला बंद झाला. अशा माणसानं भीती बाळगली, तर तिला भित्रेपणा म्हणणं अन्याय आहे. मात्र संपावरच्या कायम प्राध्यापकाचे तास त्याच्याकडून जबरदस्तीनं घेणं चूक आहे, आणि ती चूक घेणाऱ्याची.

‘कायमवाल्यांच्या लढ्यात सीएचबीवाल्यांना काय मिळतं?’ मिळतं. 2018 च्या संपाच्या मागण्यांमध्ये रिक्त पदं भरणं आणि सीएचबीवाल्यांना समान कामाला समान वेतन, दोन्ही होतं. संपानंतर नोव्हेंबरात पदवीच्या तासिकेचा दर 500 रुपये झाला. 3,580 पदं भरायला त्याच महिन्यात मान्यता मिळाली. भरती मात्र पुढं रखडली आणि त्यातली 2,088 पदं भरायला 2021 मध्ये पुन्हा परवानगी द्यावी लागली. मिळालेलं पुरेसं होतं, असं मी म्हणणार नाही. ‘समान वेतन’ ही मागणी निवेदनात असते आणि वाटाघाटीत सगळ्यात आधी तिच्यावरच पाणी सोडलं जातं, ही तक्रार खरी आहे.

ही मागणी हवेतली नाही. पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये हंगामी कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लागू केलं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम सांगतात की कंत्राटी अध्यापक एकूण संख्येच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावेत. 2019 मध्ये आयोगानं अतिथी अध्यापकासाठी तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये ठरवले. 900 आणि 1,500 मधलं अंतर कुणीही मोजावं.

‘पाठिंबा म्हणजे पत्रकावर सही.’ सहीनं किराणा येत नाही. 2022 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातले सुमारे 48,000 अध्यापन सहायक आणि संशोधक संपावर गेले, तेव्हा त्यांची संघटना त्यांना आठवड्याला 400 डॉलर देत होती. आपल्याकडे एवढा निधी नसेल, पण कायम प्राध्यापकांनी महिन्याला थोडी वर्गणी काढून पहिला हक्क तासिकेवरच्यांना द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसरी गोष्ट याहून सोपी आणि जास्त मोलाची. संप मिटल्यावर राहिलेला अभ्यासक्रम जादा तास घेऊन पुरा होतो. त्या जादा तासांत सीएचबीवाल्यांचे बुडालेले तास त्यांनाच परत मिळावेत आणि संपामुळं कुणाची पुढची नेमणूक अडू नये, या दोन ओळी तडजोडीच्या कागदावर लेखी याव्यात.

आणि आंबागडच्या पालकांना एक विनंती. पुढचा संप होईल तेव्हा ‘कॉलेज कधी उघडणार’ हे जरूर विचारा. पण पोराला शिकवणाऱ्या सरांचे किती तास बुडाले आणि ते त्यांना परत मिळणार का, हेही प्राचार्यांना विचारा.