पाठीवरचा पंप धापा का टाकतो?

बॅटरीवरचा फवारणी पंप थांबत-थांबत चालू लागला की पहिला संशय मोटरवर जातो. ती मात्र शेवटीच उघडावी. नोझल तुंबले की नळीतला दाब वाढतो, प्रेशर स्विच मोटर बंद करतो आणि दाब उतरताच पुन्हा चालू करतो. म्हणून आधी हातमोजे घालून गाळण्या आणि नोझल धुवा. नोझल तोंडाने कधीही फुंकू नका, त्यात औषध असते.

तरीही धार मंद असेल तर मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज झालेली 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी स्वस्थ असताना सुमारे 12.7 व्होल्ट दाखवते. खरी परीक्षा मोटर चालू असताना होते. तेव्हा आकडा झपाट्याने 11च्या खाली गेला, तर बॅटरी थकलेली आहे. हंगामानंतर रिकामीच ठेवलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. हे नुकसान सहज टळते: ठेवताना चार्ज करा, अधूनमधून पुन्हा करा.

हलकी लिथियम बॅटरी बसवणार असाल तर चार्जरही बदला. तीन सेलची लिथियम-आयन बॅटरी 12.6 व्होल्टला भरते, जुना चार्जर 14च्या पुढे जातो. त्यातून आग लागू शकते.

जास्त पाणी हवे असेल तर मोठ्या छिद्राचे नोझल लावा. त्याच नोझलमधून दुप्पट पाणी काढायला दाब चौपट लागतो.